चाकूरच्या नीलाबाईंचं पोटाचं तेल

चाकूरच्या बसस्टँडवरून बाजाराकडे चालायला लागलं की माणिकप्पांचा तेलघाणा आधी नाकाला सापडतो. ताज्या करडईचा वास रस्ताभर पसरलेला असतो आणि त्या वासामागून लाकडी घाण्याची करकर ऐकू येते. पूर्वी घाण्याला बैल होता, आता मोटार आहे. घाण्याचं काम मुलगा रुद्रेश बघतो, गल्ल्यावर माणिकप्पा बसतात. पण दुपारची जेवणं आटोपून आसपासच्या गावांतल्या बाया दुकानाची पायरी चढतात तेव्हा गल्ल्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. "काकू हायत का?" एवढं विचारतात आणि सरळ मागच्या खोलीत जातात. माणिकप्पांनी त्याचं वाईट वाटून घेणं केव्हाच सोडलंय.

मागच्या खोलीत नीलाबाई. साठीला टेकलेल्या, अंगानं भरलेल्या, कपाळाला विभूती आणि त्याखाली ठसठशीत कुंकू. आवाज असा, की आत बोलल्या तर समोरच्या हॉटेलातल्या माणसाला कळावं. त्या पोटाचं तेल करायच्या. करडईचं आणि खोबऱ्याचं तेल मंद आचेवर ठेवायचं, त्यात सावलीत वाळवलेल्या गुलाबाच्या पाकळ्या सोडायच्या, निवलं की फडक्यातून गाळून बाटल्या भरायच्या. गर्भार बाईनं हे तेल पोटाला आणि मांड्यांना लावलं की पोट वाढलं तरी कातडीवर वळ उठत नाहीत, अशी त्या तेलाची ख्याती होती. शिकलेल्या पोरी त्याला स्ट्रेच मार्क म्हणत. नीलाबाई वळच म्हणायच्या.

ख्याती झाली ती त्यांच्या स्वतःच्या पोटामुळे. उदगीरकडची ही पोर लग्न होऊन चाकूरला आली आणि पहिल्यांदा दिवस राहिले, तेव्हा सासूबाई रत्नम्मांनी हे तेल करून दिलं. रोज न्हाणीच्या आधी लावायला लावलं. एकामागून एक चार लेकरं झाली, आणि पोट मात्र घासून ठेवलेल्या पितळी ताटासारखं स्वच्छ राहिलं. बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईनं ती बातमी गावभर केली. मग शेजारणी आल्या, शेजारणींच्या भाच्या आल्या, भाच्यांच्या नणंदा आल्या.

बाटली हातात देताना नीलाबाई पदरावरून पोटावर थाप मारायच्या आणि म्हणायच्या, "माझ्याकडं बघ. चार लेकरं झाली, एक वळ हाय का? नख लावायचं न्हाई, तळहातानं हळू जिरवायचं. बाकी माझं तेल बघून घेतंय."

बाया हसून विश्वास ठेवायच्या. एकदा लोह्याहून आलेल्या एका हवालदाराच्या बायकोनं मात्र सरळ म्हटलं, "दाखवा की मग." नीलाबाईंनी तेलाच्या टाक्यांच्या आडोशाला नेऊन तिला खरंच दाखवलं. त्यानंतर लोह्याची गिऱ्हाइकं दुपटीनं वाढली.

त्यांचं शेंडेफळ म्हणजे दामिनी. नांदेडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. नवरा संगमेश्वर तिथंच रेल्वेच्या ऑफिसात. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दामिनीला दिवस गेले, आणि नीलाबाईंना अगदी आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी एक मोठा कॅन भरून तेल केलं, गुलाबाच्या पाकळ्या नेहमीपेक्षा मूठभर जास्त घातल्या आणि तो कॅन स्वतः एसटीत मांडीवर घेऊन नांदेडला पोचता केला. मग रोज सकाळी फोन.

"लावलंस का?"

"लावलं गं अव्वा."

"खालून वर लावतीस ना?"

"हाव. आता कॉलेजला जाऊ दे मला."

दामिनी खरंच लावायची. शिवाय तिच्या जावेनं एक परदेशी क्रीमची ट्यूब आणून दिली होती, तीही रात्रीची लावायची. दोन दोन बंदोबस्त केलेत म्हटल्यावर ती निर्धास्त होती.

सातव्या महिन्यात ओटीभरणासाठी दामिनीला चाकूरला आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नीलाबाईंनी कोमट तेलाची वाटी घेतली, न्हाणीघराच्या दाराशी पाट मांडला आणि लेकीला म्हणाल्या, "ये, आज मी लावते."

दामिनी जरा घुटमळली. मग तिनं गाऊन वर केला.

बेंबीच्या खालून दोन्ही कुशींकडे लालजांभळ्या रेघा गेल्या होत्या. एक-दोन नव्हत्या. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात तशी सगळी ओटी चिरलेली. नीलाबाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"लावत नव्हतीस तू."

"रोज लावत होते."

"मग खाजवलं असशील. नखं बघ केवढी वाढवलीस."

"अव्वा, मी प्रयोगशाळेत काम करते, नखं वाढवते का मी? बघ, हे बघ हात."

"मग ती ट्यूब! तिनंच घात केला. नाहीतर नांदेडचं पाणी. नळाला काय काय येतंय तुमच्याकडं..."

दामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. गेले पंधरा-वीस दिवस ती आरशासमोर उभं राहायचं टाळत होती. आईला काय सांगावं या काळजीनं फोनवरसुद्धा नेहमीसारखं बोलत नव्हती. आता तिच्यानं राहवलं नाही.

"अव्वा, पोट माझं हाय! तुझ्या दुकानाची पाटी न्हाई ती!"

एवढं बोलून ती आत गेली आणि दार लावून घेतलं. नीलाबाई पाटावर बसून राहिल्या. पोरीच्या डोळ्यांत पाणी का आलं, हे आपण विचारलंच नाही, आधी नखं बघितली, हे त्यांना बऱ्याच वेळानं उमगलं. मग त्या उठल्या, शेंगदाण्याची चटणी आणि गरम भाकरी घेऊन दारापाशी गेल्या. "दामे, खाऊन घे गं. तेल बिल मरू दे." दार उघडलं. भाकरी दोघींनी एकाच ताटात खाल्ली.

ओटीभरणाला घर भरलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पंचपक्वान्नं. शेजारची सिंधु तोंडाची फटकळ. तिनं भर बायकांत विचारलंच, "दामिनीचं पोट तर आरशासारखं असंल, न्हाई का हो काकू? घरचंच तेल!" सगळ्या बायका नीलाबाईंकडे बघायला लागल्या. नीलाबाईंनी सिंधुच्या तोंडात अख्खा लाडू कोंबला. बायका हसल्या आणि विषय निघून गेला. पण नीलाबाईंच्या मनातून गेला नाही.

त्या आठवड्यात दामिनीची नांदेडला तपासणी होती. नीलाबाई म्हणाल्या, मी येते. पिशवीत तेलाची बाटली टाकली आणि दामिनीच्या पर्समधली ती ट्यूबही काढून घेतली. डॉक्टरबाईंसमोर आज त्या ट्यूबचा निकाल लावायचाच, असं ठरवून त्या निघाल्या होत्या.

डॉक्टर मुग्धा कंधारकर चाळिशीच्या, हसऱ्या. दवाखान्यात गर्दी मावत नव्हती, पण त्यांच्या बोलण्यात घाई नव्हती. बाळाचे ठोके ऐकवून झाले, वजन झालं, आणि नीलाबाईंनी टेबलावर बाटली आणि ट्यूब शेजारी शेजारी ठेवली.

"डॉक्टरबाई, खरं सांगा. ह्यातल्या कुणामुळं पोरीच्या पोटाला वळ आले?"

डॉक्टरांनी आधी ट्यूब उचलली, मागची बारीक अक्षरं वाचली आणि कपाळाला आठी घातली. "दामिनी, ही आजपासून बंद. वळ हिनं आलेले नाहीत. पण हिच्यात अ जीवनसत्त्वाच्या जातीचं एक औषध आहे, ते गरोदरपणात टाळायचं असतं. लगेच घाबरू नकोस, कातडीतून फार थोडं आत जातं. पण यापुढे मला दाखवल्याशिवाय काही लावायचं नाही."

नीलाबाईंनी लेकीकडे विजयी मुद्रेनं बघितलं. तेवढ्यात डॉक्टरांनी बाटली उचलली, बूच काढून वास घेतला.

"छान आहे हो. गुलाब का? हे खुशाल लावा. कातडी मऊ राहते, खाज कमी होते."

"आणि वळ?"

"वळ थांबत नाहीत, मावशी."

नीलाबाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. डॉक्टरांनी खुर्ची जरा पुढे ओढली. म्हणाल्या, कातडीला थर असतात. पोट भराभर वाढतं तेव्हा आतला थर ताणून तुटतो, त्याच्या ह्या रेघा. तेल वरच्यावर राहतं, तिथवर पोचत नाही. बऱ्याच बायकांना तेलं आणि क्रीमं लावायला देऊन मोठमोठ्या तपासण्या झाल्यात, पण हमखास वळ थांबवील असं अजून काही सापडलेलं नाही. वजन बेताबेतानं वाढलं तर थोडा फरक पडतो. बाकी कुणाला येतात, कुणाला नाही. ते बरंचसं घराण्याच्या कातडीवर असतं.

"आणि ह्या रेघा अशाच लाल राहतात का?" दामिनीनं हळूच विचारलं.

"नाही गं. वर्षभरात फिक्या पडतात, चंदेरी होतात. पुसून नाही जात, पण मलासुद्धा माझ्या शोधाव्या लागतात आता."

दामिनी चमकून हसली. "तुम्हाला पण आहेत?"

"भरपूर. आणि माझ्याकडे तर औषधांचं दुकान खालीच आहे."

नीलाबाईंचं समाधान झालं नव्हतं. "मग माझं पोट कसं काय स्वच्छ राहिलं? चार लेकरं झाली मला."

"तुमच्या आईचं कसं होतं?"

नीलाबाईंनी आठवून बघितलं. उदगीरला विहिरीवर आईच्या पाठीला साबण लावायच्या त्या. आईचं पोटही असंच होतं, स्वच्छ. आणि तिनं जन्मात कधी तेल लावलं नव्हतं. तेल भाजीला पुरवताना तिचा जीव जायचा.

निघताना डॉक्टरांनी दोघींना पुन्हा थांबवलं. "एक लक्षात ठेवा. पोट ताणतंय, त्याला खाज येणार. तेल लावलं की ती शांत होते. पण तळहातांना, तळपायांना खाज सुटली, अंगावर पुरळ काहीच नाही आणि रात्री वाढत असेल, तर तेल लावत बसायचं नाही. त्याच दिवशी दवाखान्यात यायचं. यकृताचं दुखणं असू शकतं, बाळाला धोका असतो त्यात."

परतीच्या एसटीत दामिनी खिडकीशी डुलक्या घेत होती. लोहा मागे पडलं, दोन्ही बाजूंनी हरभऱ्याची रानं पळत होती. नीलाबाईंच्या डोक्यात एकच शब्द घोळत होता. घराण्याची कातडी. दामिनीचं नाक आजीचं, चालणं आजीचं, रागावली की दार लावून घेणं आजीचं. आणि एकदम त्यांना सासूबाई रत्नम्मा दिसल्या. शेवटच्या आजारपणात नीलाबाईच त्यांना अंघोळ घालायच्या. म्हातारीच्या पोटावर बेंबीपासून कुशीपर्यंत फिक्या चंदेरी रेघाच रेघा होत्या. म्हातारपणाच्या सुरकुत्या समजून नीलाबाईंनी त्यावरून कितीदा तरी हात फिरवला होता.

म्हणजे ज्या बाईनं हे तेल शिकवलं, तिच्याच पोटाला वळ होते!

नीलाबाईंना जे हसू फुटलं ते आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी खांदे गदगदत होते. पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला. दामिनी जागी झाली.

"काय झालं गं अव्वा?"

"तुझी आजी... तुझी आजी लई बिलंदर बाई होती!" आणि मग त्यांनी लेकीला सगळं सांगितलं. दामिनीही हसली, हसता हसता पोट धरून म्हणाली, "अव्वा, पुरे, बाळ उड्या मारायलंय." आजीच्या पोटावरही अशाच रेघा होत्या हे ऐकून तिला का कोण जाणे, बरं वाटलं. आजीच्या मांडीवर, त्याच पोटाला डोकं टेकून ती लहानपणी झोपायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिलं गिऱ्हाईक आलं. नीलाबाईंनी बाटली भरली, हात सवयीनं पोटावर थाप मारायला उचलला आणि मध्येच थांबवला.

"हे बघ पोरी. वळ येतील का न्हाई, ते तुझ्या आईला इचार. तिला असले तर तुलाबी येतील. ह्या तेलानं खाज कमी व्हती, कातडी मऊ राहती. तेवढ्यासाठी न्यायचं असंल तर ने."

पोरगी गोंधळून "विचार करते" म्हणाली आणि निघून गेली. गल्ल्यावरून माणिकप्पा तडक आत आले. "अगं, काय बोलायलीस तू? मी शेंगदाण्याच्या तेलाला नावं ठेवू का आता?"

"शेंगदाण्याच्या तेलानं काय होतंय ते ठाऊक हाय लोकांला. ह्याचं मीच खोटं सांगत होते. न कळता सांगत होते, आता कळून कशी सांगू?"

माणिकप्पा म्हणजे रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय पाणी न पिणारा माणूस. खोटं सांगून विक, हे त्यांच्या तोंडून निघणार नव्हतं. "बरं मग," म्हणाले, "पण जरा हळू आवाजात सांग."

ते काही नीलाबाईंना जमणारं नव्हतं. आठवड्याभरात गावात बोभाटा झाला. कुणी म्हणालं, काकूंच्या हाताचा गुण गेला. लोह्याची हवालदारीण तर मुद्दाम भांडायला आली. "मला गुण आला की! माझ्या दोन्ही बाळंतपणांत एक रेघ न्हाई. आता तुम्ही तेलानं न्हाई झालं म्हणता, म्हणजे मी काय खोटी?"

"तुझ्या आईला हायत का?"

"न्हाईत."

"मग आईचे पाय धर जाऊन."

हवालदारीण फणकारली, आणि जाताना भाचीसाठी दोन बाटल्या घेऊनच गेली.

एका दुपारी श्रद्धा आली. गावातल्या शाळेतली तरुण शिक्षिका, आठवा महिना संपत आलेला, सोबत सासू. श्रद्धाचे डोळे जागरणानं खोल गेले होते. सासू म्हणाली, "नीलाबाई, तेल द्या चांगलं. लई खाजवायलीय. लेकराला जावळ दाट असंल म्हणून पोट खाजवतंय."

"कुठं खाजवतं गं?" नीलाबाईंनी विचारलं.

श्रद्धानं दोन्ही हात पुढे केले. तळहात लाल झाले होते. "इथं, काकू. आणि तळपायाला. रात्री तर फरशीवर पाय घासत बसते."

"पुरळ?"

"न्हाई. काहीच दिसत न्हाई."

नीलाबाईंनी भरलेली बाटली मागे घेतली. "तेल न्हाई मिळायचं. दवाखान्यात जा. आत्ता."

सासू वैतागली. "अहो, खाज ती खाज! तिच्यासाठी दवाखाना?"

नीलाबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी रुद्रेशला हाक मारून रिक्षा बोलावली, दोघींना बसवलं आणि तिसऱ्या स्वतः चढल्या. गावातल्या दवाखान्यातून लातूरला पाठवलं. तिथं रक्त तपासलं, आणि डॉक्टरांनी श्रद्धाला दाखल करून घेतलं. नांदेडच्या डॉक्टरबाईंनी सांगितलेलं तेच दुखणं निघालं. औषधं सुरू झाली, बाळावर रोज लक्ष ठेवलं, आणि पुढं थांबणं बरं नाही असं वाटताच डॉक्टरांनी दिवस भरायच्या थोडं आधीच बाळंतपण केलं. मुलगी झाली. किरकोळ चणीची, पण आवाज खणखणीत.

सासू पेढे घेऊन दुकानात आली तेव्हा पायरीवरच तिचे डोळे भरले. "नीलाबाई, तुम्ही त्या दिवशी तेल दिलं असतं तर..."

"मला काय ठाऊक होतं बाई? डॉक्टरबाईंनी सांगितलं, मी ध्यानात ठेवलं. आण ते पेढे इकडं." त्यांनी एक पेढा स्वतः खाल्ला आणि एक माणिकप्पांना नेऊन दिला. माणिकप्पांनी पेढा तोंडात टाकला आणि त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येकाला, शेंगदाण्याचं तेल न्यायला आलेल्या पुरुषांनासुद्धा, तळहाताच्या खाजेची गोष्ट सांगितली. गोष्ट नीलाबाईंपेक्षाही मोठ्या आवाजात सांगितली.

फाल्गुनात दामिनीला मुलगा झाला. त्याला जावळ दाट निघालं. ते बघून श्रद्धाची सासू "बघा, पोट खाजवलं की जावळ दाट, मी म्हणत नव्हते?" असं म्हणालीच. सव्वा महिना दामिनी माहेरी राहिली. पोटावरच्या रेघा अजून होत्या, पण जांभळा रंग ओसरायला लागला होता. सकाळच्या उन्हात ती ओसरीवर बिनधास्त पदर सारून लेकराला पाजायची. एकदा सिंधु डोकावली आणि तिची नजर नेमकी तिथंच गेली. दामिनी म्हणाली, "बघा की जवळून. आजीकडून आलेत." सिंधुनं खरंच वाकून बघितलं. मग आपला पदर जरासा बाजूला केला, आणि दोघी कुणाच्या रेघा जास्त ते ताडून बघत बसल्या.

नीलाबाई नातवाला पायांवर आडवा घेऊन तेल लावत होत्या. हात, पाय, छाती, पाठ. मग दोन बोटांत त्यांनी त्याचं इवलंसं नाक धरलं.

"अव्वा, नाक ओढू नको."

"ओढत न्हाई, बसवते. तुझं असंच बसवलं मी. न्हाईतर आजीसारखं फताडं झालं असतं."

"माझं नाक आजीसारखंच आहे, तूच म्हणतीस."

नीलाबाईंचा हात थांबला. त्यांनी लेकीचं नाक नीट निरखलं, नातवाचं निरखलं, काही वेळ मनातल्या मनात हिशेब घातला. नातवानं जांभई दिली.

"मोबाइल दे इकडं," त्या म्हणाल्या.

"कुणाला लावतीस?"

"नांदेडला. डॉक्टरबाईंना नाकाचं इचारते."